टिंबानंतरची तीन अक्षरं

गेल्या दिवाळीत कराडला गेलो होतो, तेव्हा काकूनं कपाटातून एक सीडी काढून माझ्या हातात ठेवली. "तू कंप्युटरमधला ना? बघ बरं उघडतंय का. सासूबाईंच्या ओव्या आहेत यात, असं हे म्हणायचे."

'हे' म्हणजे माझा काका. एसटी स्टँडामागे त्याचं डीटीपीचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, लेटरहेड, वास्तुशांतीची निमंत्रणं असली कामं. आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. १९९९ साली काका रोज रात्री दुकान बंद करून घरी यायचा, आजीला बोलतं करायचा, वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसलं की टाइप करायचा. पुस्तक काढायचं होतं. ते राहिलंच. पुढे आजी गेली, वही कुठे गेली कुणाला माहीत नाही, आणि दोन वर्षांपूर्वी काकाही गेला. उरली ही सीडी आणि काकूनं जपून ठेवलेला प्रूफचा एकच कागद.

माझ्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. मित्राकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडी सुरू झाली. आत चार फाइली होत्या. पहिलीचं नाव 'ओव्या१', मग टिंब, मग 'एएआय'. बाकीच्या तिन्हींचं एक्स्टेन्शनही तेच. शेजारच्या फोल्डरांत '.एलजीएन', '.बीएनके' अशी आणखी काही अनोळखी मंडळी. डबल क्लिक केलं तर विंडोजनं मलाच विचारलं, ही फाइल कशानं उघडू? फोनवर घेऊन पाहिली, तर तिथे हे उघडणारं अ‍ॅपच नाही.

मग मी तेच केलं जे तुम्ही केलं असतं. टिंबानंतरची तीन अक्षरं सर्चमध्ये टाकली. उत्तर आलं की एएआय हा ड्यून नावाच्या मीडिया प्लेअरशी संबंधित एक चित्रप्रकार आहे. टीव्हीला जोडायच्या पेटीतलं चित्र १९९९ साली कराडच्या डीटीपीच्या दुकानात काय करत होतं? तरी चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली. अर्थातच काही दिसलं नाही.

चार वर्षांची इंजिनीअरिंगची डिग्री आणि त्यावर काही वर्षांची नोकरी पदरात असूनही मी पहिल्यांदा विश्वास ठेवला तो त्या तीन अक्षरांवर. त्यांना हा अधिकार दिला कुणी?

२

याचं उत्तर शोधायला १९६०च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागतं. मॅसॅच्युसेट्समधली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, ही कंपनी तेव्हा पीडीपी-६ आणि पुढे पीडीपी-१० ही मोठी यंत्रं बनवत होती. ही यंत्रं माहिती हाताळायची ती ३६ बिटांच्या तुकड्यांत. अशा तुकड्याला 'वर्ड' म्हणत. आणि एक अक्षर बसवायचं ६ बिटांत. म्हणजे एका वर्डमध्ये बरोबर सहा अक्षरं.

फाइलींच्या यादीत प्रत्येक फाइलला दोन वर्ड मिळत. पहिल्यात सहा अक्षरी नाव. दुसऱ्या वर्डचा अर्धा भाग फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांगण्यात खर्च होई. उरलेल्या अर्ध्यात, म्हणजे १८ बिटांत, तीन अक्षरं मावत. तेच एक्स्टेन्शन. तीनच अक्षरं का, तर अर्ध्या वर्डात तेवढीच बसत होती म्हणून.

पुढे कॅलिफोर्नियात गॅरी किल्डॉल नावाचा संगणकतज्ज्ञ इंटेलसाठी सल्लागार म्हणून काम करत होता. इंटेलच्या इवल्याशा चिपसाठी लागणारे प्रोग्रॅम तो पीडीपी-१०वर तयार करून तपासायचा. १९७४ साली त्यानं छोट्या संगणकांसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली, तेव्हा डेकच्या यंत्रांवरच्या अनेक सवयी तिच्यात उतरल्या. नावाला आठ अक्षरं झाली, एक्स्टेन्शन तीनच राहिलं. गंमत म्हणजे मधलं टिंब डिस्कवर लिहिलंच जात नसे. आठ घरं नावाची, तीन घरं एक्स्टेन्शनची, आणि टिंब फक्त माणसांना दाखवताना मध्ये ठेवायचं.

१९८० साली सिअ‍ॅटलमध्ये टिम पॅटरसननं नव्या चिपसाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली ती सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत अशा बेतानं. ती मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली आणि १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर ती डॉस म्हणून घरोघरी गेली. आठ आणि तीनचा नियमही गेला. १९९५च्या विंडोजनं लांब नावांची मुभा दिली, पण तोवर सवय हाडीमासी खिळली होती. आजही फोनमधल्या फोटोच्या नावाला 'जेपीईजी' हे पूर्ण नाव न लागता 'जेपीजी' लागतं. छत्तीस बिटांची ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, त्यांच्या अर्ध्या वर्डाचं माप मात्र तुमच्या गॅलरीत आहे.

यातून एक गोष्ट लक्षात येते. एक्स्टेन्शन फाइलच्या आत नसतंच. ते नावाचा भाग आहे. आपल्या घरात बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो, तशी फाइल. डब्यावरचं चित्र बदललं म्हणून सुईदोऱ्याचं बिस्किट होत नाही. आपल्याकडे म्हणतातच, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

३

मग हातातला वाळा कसा बघायचा? ती पद्धतही तितकीच जुनी आहे.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची युनिक्स घडवत होते. युनिक्सच्या गाभ्याला एक्स्टेन्शन ही भानगडच माहीत नाही. तिथे टिंब हे नावातलं आणखी एक अक्षर. मग एखादी फाइल चालवता येणारा प्रोग्रॅम आहे की नुसता मजकूर, हे कसं कळायचं? फाइल उघडायची आणि तिच्या सुरुवातीचा आकडा बघायचा. पीडीपी-११ या यंत्रावरच्या प्रोग्रॅमांच्या सुरुवातीला अष्टमान पद्धतीतला ४०७ हा आकडा असे. मुळात ती त्या यंत्राची खरीखुरी आज्ञा होती. पुढची थोडी जागा ओलांडून जा, असा तिचा अर्थ. फाइलच्या डोक्यावर जी माहिती असे ती ओलांडून थेट प्रोग्रॅमपाशी पोचण्यासाठी ती ठेवलेली. पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला तोच आकडा येत असल्यानं तो ओळखीची खूण होऊन बसला. अशा खुणांना पुढे 'मॅजिक नंबर' हे नाव पडलं.

१९७३ साली युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत 'फाइल' याच नावाची एक आज्ञा आली. तिला कुठलीही फाइल द्या, ती आतली बाइट वाचून हे काय असावं ते सांगते. तुम्ही आज लिनक्सवर किंवा मॅकवर जी 'फाइल' आज्ञा वापरता, ती इयन डार्विन यांनी १९८६ साली नव्यानं लिहून सर्वांसाठी खुली केलेली. अँड्रॉइड फोनवर टर्मक्ससारखं अ‍ॅप असेल तर तिथेही ती मिळते.

या खुणांचं एक छोटं संग्रहालयच मांडता येईल. पीडीएफ फाइल कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडा, पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' लिहिलेलं दिसेल. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाइलची सुरुवात 'एमझेड' या अक्षरांनी होते. ही मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की या इंजिनीअरची आद्याक्षरं. झिप फाइल सुरू होते 'पीके'नं. १९८९ साली झिप आणणारा फिल कॅट्झ २००० साली वारला, पण त्याची सही दर वेळी तुमच्या फोनवर उतरते. कारण वर्डची डॉकएक्स, अँड्रॉइडची एपीके, ई-पुस्तकांची ईपब, या सगळ्या आतून झिपच आहेत. विश्वास नसेल तर एखाद्या डॉकएक्सची प्रत काढा, तिच्या नावात शेवटी 'झिप' करा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील, आणि मजकुरात टाकलेले फोटो एका फोल्डरमध्ये आयते सापडतील.

मला सगळ्यांत आवडते ती पीएनजीची खूण. तिची आठ बाइट मुद्दाम अशी निवडलीत की फाइल वाटेत खराब झाली तर तेही कळावं. पहिली बाइट साध्या इंग्रजी अक्षरांच्या मर्यादेबाहेरची आहे, कारण जुन्या काही यंत्रणा प्रत्येक बाइटचा एक बिट खाऊन टाकत. पुढे ओळ संपल्याच्या खुणा आहेत, कारण काही यंत्रणा त्या परस्पर बदलत. खूण शाबूत असेल तर चित्र बहुधा धडपणे पोचलंय.

४

दोन्ही पद्धतींत डावंउजवं आहे. आतली खूण वाचायला फाइल उघडावी लागते. नाव नुसतं बघून कळतं. म्हणून बहुतेक सगळे शेवटी नावाकडेच वळले. अ‍ॅपलच्या १९८४च्या मॅकिंटॉशनं तिसरी वाट काढली होती. प्रत्येक फाइलबरोबर चार अक्षरांचा प्रकार आणि ती कुणी बनवली याची चार अक्षरं, दोन्ही नावाच्या बाहेर ठेवलेली. नाव काहीही द्या, योग्य प्रोग्रॅम उघडणार. पण ही माहिती मजकुरापासून वेगळी असल्यानं फाइल दुसऱ्या यंत्रावर गेली की वाटेत गळून पडे. इंटरनेटच्या जमान्यात मॅकलाही एक्स्टेन्शनचा हात धरावा लागला.

ईमेलमधून फाइली जाऊ लागल्या तेव्हा १९९२ साली नेथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हा करार लिहिला. पाठवणाऱ्यानंच सांगायचं की हे चित्र आहे, हा मजकूर आहे. तुमचा अँड्रॉइड फोन एखादी फाइल कुठल्या अ‍ॅपला द्यायची हे आजही याच माइमच्या नावांवरून ठरवतो, आणि ते नाव पुष्कळदा काढतो कशावरून, तर एक्स्टेन्शनवरून.

नावावर विसंबण्याची किंमत ४ मे २००० रोजी जगाला कळली. 'आय लव्ह यू' असा विषय असलेल्या ईमेलला एक प्रेमपत्र जोडलेलं होतं. नावाच्या शेवटी 'टीएक्सटी', म्हणजे साधा मजकूर, असं दिसत होतं. खरं तर त्यापुढे आणखी एक टिंब आणि 'व्हीबीएस' ही अक्षरं होती, म्हणजे तो चालणारा प्रोग्रॅम होता. पण ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवायची विंडोजची पद्धत असल्यानं खरं आडनाव झाकलं गेलं आणि खोटं तेवढं दिसलं. मनिलातून निघालेला तो किडा दिवसभरात जगभर पसरला. लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाखाली एपीके पाठवून बँक खाती रिकामी करणारे आजचे भामटे त्याचेच वारस. पत्रिकेचं नाव आणि आत 'पीके'ची सही असलेलं अ‍ॅप. म्हणून अनोळखी फाइल आली तर ती उघडण्याआधी ओळखायची. ओळखण्यासाठी ती चालवावी लागत नाही.

५

एवढं सगळं माहीत असून मी आधी सर्च करत बसलो होतो. आता शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. सीडीवरच्या फाइलींची प्रत काढली, कारण प्रयोग नेहमी प्रतीवर करावा. 'फाइल' आज्ञा दिली. उत्तर आलं: कम्पोझिट डॉक्युमेंट.

पहिली बाइट बघितली. षोडशमान पद्धतीत ती होती डी०, सीएफ, ११, ई०. शून्याला 'ओ' समजा, पहिल्या एकाला 'आय' आणि दुसऱ्याला 'एल', की 'डॉकफाइल' असं वाचता येतं. मायक्रोसॉफ्टच्या इंजिनीअरांनी केलेला हा विनोद जुन्या वर्डच्या प्रत्येक डॉक फाइलच्या डोक्यावर असतो. मला वाटलं सुटलं कोडं. नाव बदलून 'डॉक' केलं आणि वर्डमध्ये उघडायला गेलो. नाही उघडली.

चूक माझीच होती. ही खूण वर्डची नाही, डब्याची आहे. जेवणाच्या डब्यात जसे पुडे असतात तसा हा फाइलीतल्या फाइलींचा डबा. जुन्या एक्सेलनंही तोच वापरला, आणि इतर कंपन्यांनीही. पुड्यांची नावं बघायला हवी होती. बाइटच्या जंगलात खाली खाली गेलो तर प्रत्येक अक्षरानंतर एक रिकामं घर सोडून इंग्रजीत एक शब्द लिहिलेला दिसला: पेजमेकर.

आता खरंच सुटलं होतं. १९८५ साली आल्डस कंपनीनं आणलेलं आणि १९९४पासून अडोबीकडे आलेलं पेजमेकर म्हणजे आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्याच्या ६.५ आवृत्तीच्या फाइलीला 'पी६५' हे एक्स्टेन्शन असे. लिबरऑफिसमध्ये २०१५पासून पेजमेकरच्या फाइली वाचायची सोय आहे. तिथे उघडली, आणि पान आलं. समास, दोन रकाने, मध्ये बारीक वेलबुट्टी. काकाची मांडणी मी ओळखली.

अक्षरं मात्र मराठी नव्हती. इंग्रजी अक्षरं, टोपणं, पौंडाचं चिन्ह, तुटक कंस, असा सगळा भुसा.

६

ज्यांनी जुन्या डीटीपीच्या फाइली पाहिल्यात त्यांना हा भुसा परिचयाचा असेल. पेजमेकरच्या लेखी एका अक्षराला एक बाइट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ घरं. त्याला देवनागरी कळत नव्हती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा 'म' एका घरात, काना दुसऱ्यात, वेलांटी तिसऱ्यात. पेजमेकर समजत होतं की आपण विचित्र वळणाचं इंग्रजी छापतोय, आणि ट्रेसिंगवर उमटत होतं शुद्ध मराठी. कुठल्या घरात कुठला तुकडा, हे मात्र प्रत्येक कंपनीचं आपापलं.

प्रमाण नव्हतं असं नाही. पुण्याच्या सीडॅकनं जिस्ट तंत्रज्ञानावर मोठं काम केलं होतं, १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक आलं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. पण घराघरातल्या विंडोजला देवनागरी नीट कळायला लागली ती २०००च्या आवृत्तीपासून, आणि पेजमेकरला ती शेवटपर्यंत कळली नाही. दुकानं चालवणाऱ्यांना तर काम उद्या सकाळी द्यायचं होतं. त्यामुळे त्या काळातले किती दिवाळी अंक, स्मरणिका, अहवाल आणि पुस्तकं आज अशा फाइलींत पडून आहेत ज्या उघडतात, पण वाचता येत नाहीत.

इथे मॅजिक नंबरही थकतो. यंत्राच्या दृष्टीनं ते धडधाकट इंग्रजी होतं. ही मराठी आहे हे सांगणारी खूण त्या बाइटमध्ये नव्हतीच. ते फक्त काकाला आणि त्या फॉन्टला माहीत होतं, आणि फॉन्ट सीडीवर नव्हता.

तेव्हा तो प्रूफचा कागद कामी आला. पहिल्या पानाची छापील प्रत, कडेनं काकाच्या लाल पेनाच्या खुणा. ती समोर ठेवून पडद्यावरच्या भुशाशी एकेक अक्षर जुळवत गेलो. ओव्यांमध्ये 'माझ्या', 'बाई', 'सांगते' असे शब्द पुन्हा पुन्हा येतात, तेच धागे धरले. तीन संध्याकाळी लागल्या. तक्ता तयार झाल्यावर पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. पहिल्यांदा चालवला तेव्हा सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटल्या. कारण काकाच्या फॉन्टात वेलांटी दिसते तशी आधी टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं. 'सूर्य' मधला रफार फॉन्टात सगळ्यांत शेवटी, युनिकोडमध्ये 'य'च्या आधी. ते दुरुस्त केलं आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला.

११४ ओव्या निघाल्या. ओवीत लेकाचं, भावाचं नाव गुंफायची रीत आहे. सतराव्या ओवीत काकाचं नाव होतं.

७

एक कोडं राहिलंच होतं. फाइली पेजमेकरच्या होत्या, तर एक्स्टेन्शन 'पी६५' का नव्हतं? काकूला फोन केला.

"अगं, ते प्रत्येक फोल्डरमध्ये शेवटची तीन अक्षरं वेगळीच का आहेत?"

"गिऱ्हाईक ओळखायला. सीडी करताना हे नावं बदलून ठेवायचे. लग्नाच्या पत्रिका एकीकडं, बँकेचं एकीकडं."

एलजीएन म्हणजे लग्न. बीएनके म्हणजे बँक. आणि ए-ए-आय? सगळ्या जगाच्या यादीत जी अक्षरं शोधत होतो ती नुसती एका दमात वाचायची होती. आई.

त्या तीन घरांत काकानं फाइलीचा प्रकार लिहिलाच नव्हता. काम कुणाचं ते लिहिलं होतं.

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं २००२ साली प्रोनॉम नावाची नोंदवही सुरू केली. जगातल्या फाइलींचे प्रकार, त्यांच्या खुणा, ते कशानं उघडतात, याची ती यादी आहे. अशा नोंदी कुणीतरी करून ठेवतं म्हणून पन्नास वर्षांनीही फाइली ओळखता येतात. पण एका दुकानदाराची खासगी खूण कुठल्या नोंदवहीत सापडणार? ती सांगायला काकू होती, हे माझं नशीब. तुमच्या घरातही अशी एखादी सीडी, जुनी हार्ड डिस्क असेल, आणि तिच्यातलं काय ते सांगणारं माणूस अजून असेल. त्याला आधी विचारा.

ओव्या मी युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवल्यात. पीडीएफ काकूला पाठवली, तिनं बोट लावलं आणि ती उघडली. मूळ चार फाइलींची नावं मात्र बदलली नाहीत. त्यांच्या शेजारी अक्षरांचा तक्ता आणि एक छोटी टीप ठेवलीय, पुढे ज्याला कुणाला हे सापडेल त्याच्यासाठी. या फाइली पेजमेकर ६.५च्या आहेत. लिबरऑफिसनं उघडतात. अक्षरं या तक्त्यानं वाचावीत. एएआय म्हणजे आई.